बसलेला पक्षी आणि आबांचं ताट

आमच्या घरचा एक नियम मला लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी कळला. गोठ्यातल्या जनावरांनी वैरणीला तोंड लावल्याशिवाय आबा, म्हणजे माझे सासरे, ताटावर बसत नसत. मी हौसेनं वाढलेलं ताट निवत पडलं होतं आणि आबा म्हशीपुढे उभे होते, ती वैरणीकडे ढुंकून बघत नव्हती म्हणून. सासूबाई तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, "बैल आजारी पडलावता तवा चार दिस नुसत्या चहावर काढल्यात ह्यांनी. तू जेव जा." मी नवी सून, सासऱ्यांच्या आधी कशी जेवणार? मग स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, पाठ दाराकडे करून अर्धी भाकरी खाल्ली. ती सवय कायमचीच लागली.

मी मॉरिशसची. माझ्या पणजोबांचे वडील कोकणातून उसाच्या मळ्यात मजुरीला गेले आणि तिकडचेच झाले. घरात मराठी टिकली. नवरा साखर कारखान्यातला केमिस्ट. दोन वर्षांसाठी आमच्या बेटावर कामाला आला आणि परतताना मला घेऊन मुरगूडजवळच्या या मळ्यात आला. उसातून निघाले ती उसातच येऊन पडले, असं मी आईला फोनवर सांगायचे. सुरुवातीची वर्षं परदेशी नागरिक म्हणून कोल्हापुरात पोलिसांकडे नोंद करायला जावं लागे. तिथला माणूस माझं बोलणं ऐकून दर वेळी विचारायचा, "बरं, परदेशी कोण हाय?"

इमू, शहामृगासारखे ते न उडणारे पक्षी, आले ते लग्नानंतर तिसऱ्या वर्षी. कुठलीशी कंपनी गावोगाव फिरून पक्षी देत होती. आमच्याकडे आठ जोड्या आल्या आणि त्यांच्यासोबत एक माहितीची पुस्तिका आली, जी घरात मी एकटीनं वाचली. कंपनीनं लवकरच गाशा गुंडाळला. आजूबाजूच्यांनी पक्षी विकले, कापले, काहींनी सरळ रानात सोडून दिले. आबांनी ठेवले. "दारात आलेलं पावणं हाकलून द्याचं व्हय?" म्हणाले. गावानं मग आम्हाला एकाच माळेत ओवलं. ऑस्ट्रेलियाचं पावणं आणि मॉरिशसची सून.

मला मात्र ते पहिल्या दिवसापासून सोसले नाहीत. आमच्या बेटावर डोडोचं चित्र सगळीकडे असतं, टोपीवर, पिशवीवर, टपालाच्या तिकिटावर. शाळेत शिकवलं होतं की तो उडत नसे आणि माणसाला भीतही नसे. खलाशी किनाऱ्यावर उतरले तेव्हा तो पळाला नाही, उलट बघायला पुढे आला, आणि मारला जाऊन कायमचा संपला. इमू आले त्या संध्याकाळी मी त्यांच्या कुंपणाच्या जाळीपाशी गेले, तर सोळाच्या सोळा पक्षी चालत आले आणि मान उंच करून माझ्याकडे बघत उभे राहिले. एकानंही आवाज केला नाही. मी लहानपणापासून ज्याला मेलेला समजत होते तो माझा पत्ता काढत आला, असं मला वाटलं. त्या वेड्या विचाराबद्दल मी स्वतःवरच चिडले.

वर्षं गेली, सासूबाई गेल्या, पक्षीही एकेक करून गेले. शेवटी एकच जोडी उरली. मादी अंडं घालायची, मी ते उचलून उबवणीच्या मशीनमध्ये ठेवायचे, पण निघालेली पिल्लं जगत नसत. गेल्या थंडीत मशीन बिघडलं ते बिघडलंच, म्हणून अंडी तशीच राहू दिली. जाळीच्या कोपऱ्यात आबांनी टाकलेल्या उसाच्या वाळल्या पाचटावर नऊ अंडी जमली, काळपट हिरवी, नारळाएवढी. आणि एका सकाळी नर त्यांच्यावर बसला.

इमूत अंडी बाप उबवतो. बसला की आठ आठवडे खात नाही, पीत नाही, फक्त दिवसातून काही वेळा उठून चोचीनं अंडी फिरवतो आणि परत बसतो. पुस्तिकेत होतं ते मी आबांना सांगितलं. ते हसले.

"आठ आठवडं? असं कुठं असतंय व्हय? भूक कुणाला चुकलीया?"

त्यांनी घमेल्यात मक्याचा भरडा कालवला, वर पपईच्या फोडी ठेवल्या आणि पक्ष्यापुढे ठेवलं. त्यानं मान लांब करून जमिनीवर टाकली होती. पाचटात पाचटासारखाच दिसत होता. फक्त डोळा तेवढा उघडा. आबा तासभर थांबले, मग घरात आले आणि माझ्या हातातल्या ताटाला हात करून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्यानं खाल्लं की मग."

मला आधी हसूच आलं. तिसऱ्या दिवशी हसू गेलं. आबांचं वय पंचाहत्तरीच्या पुढे, त्यात साखरेचा आजार. जेवण नाही म्हणून गोळी नाही, नुसता बिनसाखरेचा चहा. मी समजावलं, ओरडले, पुस्तिका त्यांच्या तोंडापुढे धरली. कारखान्याचा हंगाम चालू होता, नवरा कामावर लांब. फोनवर म्हणाला, "चार दिवसांत येतील वळणावर." त्याला काय जातंय म्हणायला! डॉक्टरांनी घरी येऊन तपासलं, मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की असंच चाललं तर हे हातचे जातील.

त्याच दिवसांत सभोवतालचा ऊस तुटला. वर्षभर घराला भिंतीसारखा असलेला ऊस गेला आणि चारी बाजूंनी सगळं उघडं पडलं. मादीचा आवाज तेव्हा जास्त जाणवू लागला. इमूची मादी ओरडत नाही. तिच्या गळ्यात हवेची पिशवी असते, त्यातून ती घुमते. दूरवर कुणी ढोलावर एकच थाप मारावी आणि थांबावं, तसं. तो आवाज कानाआधी बरगड्यांना कळतो. पूर्वी तो जाळीच्या पार पलीकडच्या टोकाकडून यायचा. आता ती आबांच्या खोलीला लागून असलेल्या जाळीपाशी येऊन उभी राहायची आणि भर दुपारी घुमायची. फळीवरची स्टीलची झाकणं थरथरायची. शेजारची बाई एकदा विचारत आली, "कुणाच्यात ढोल वाजतुया गं? सकाळधरनं ऐकतीया." मी म्हटलं, आमच्यात. ती दारातूनच परत गेली.

आबा कॉटवर पडून असायचे, हनुवटी उशीच्या कडेवर, मान पुढे. डोळे पुरते मिटलेले नसायचे. एकदा चहा घेऊन गेले आणि क्षणभर मला कळेना की हे झोपलेत की बघतायत. मग त्यांची पापणी हळूच खाली आली, हळूच वर गेली. बाहेरचा तो पक्षी अगदी तशीच पापणी हलवायचा. मी कप उशाशी ठेवला आणि बाहेर आले.

आठव्या दिवशी मी लबाडी केली. घमेल्यातला भरडा मादीला घातला आणि रिकामं घमेलं आबांना दाखवलं. आबा भिंतीला धरत जाळीपर्यंत गेले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "त्याच्या चोचीला पीठ न्हाय. तिच्या हाय." आणि परत जाऊन पडले. दहाव्या दिवशी ते न्हाणीघराच्या दारात कोसळले. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "खाल्लं का त्यानं?"

मी तेव्हाच ठरवलं. अंडी नसतील तर तो कशाला बसेल? उठेल, खाईल, आणि हेही खातील. दुपारी आबांचा डोळा लागलेला बघून मी बांबूची बुट्टी घेऊन जाळीत शिरले. इमूची लाथ माणसाला आडवं करते, हे मला ठाऊक होतं. मी त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि छातीखाली हात घातला. त्यानं लाथ मारली नाही, चोच मारली नाही. उलट माझा हात आत जावा म्हणून छाती थोडी वर उचलली. आत भाकरीच्या दुरडीसारखी ऊब होती. एकेक करून मी नऊच्या नऊ काढली. तो फक्त बघत होता. आमच्या बेटावर पहिल्यांदा उतरलेल्या माणसाकडे त्या पक्ष्यानं असंच बघितलं असेल. मला स्वतःची किळस आली, पण बुट्टी मी खाली ठेवली नाही.

अंडी कोठीत ठेवली आणि वाट बघत बसले. तो उठला नाही. संध्याकाळपर्यंत नाही, दुसऱ्या सकाळीही नाही. मग उठला, आणि माझा जीव भांड्यात पडला. पण त्यानं मान वाकवली, रिकाम्या पाचटात चोच घातली आणि तिथं नसलेलं एकेक अंडं फिरवलं. सावकाश, नऊ वेळा. मी मोजलं. मग पाय दुमडून परत त्या रिकाम्या जागेवर बसला.

मला ते बघवलं नाही. पळत कोठीत गेले, अंडी आणली. गार पडली होती, आटलेल्या नदीतल्या धोंड्यांसारखी. त्यानं चोचीनं एकेक ओढून पोटाखाली घेतलं.

तशीच आबांकडे गेले. हात मातीनं भरलेले, तोंडाला येईल ते बोलत सुटले. म्हटलं, "आबा, नवरात्रात माणूस नऊ दिवस बसतो, कडक उपास करतो. त्याच्यापुढं तुम्ही ताट ठेवता का? पाप लागेल म्हणता. मग हा बसलाय, त्याच्यापुढं रोज घमेलं ठेवून तुम्ही त्याचा नेम मोडायला निघालात. आणि घरात कुणी बसलं म्हणून बाकीचे उपाशी राहतात का कधी?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातांकडेही. मग म्हणाले, "वाढ."

भात, आमटी, थोडी भाकरी. ते जेवले आणि मी दारात उभी राहून ढसाढसा रडले. नवऱ्याला फोन करून सांगितलं की मी जिंकले. अंड्यांचं सांगितलं नाही. कुणालाच नाही.

आठ आठवडे संपले. पिल्लं येणार नव्हती, हे मला एकटीला माहीत होतं. नववा आठवडाही गेला. पक्षी बसूनच. त्याची पिसं कातडीवर नुसती टांगल्यासारखी दिसत होती. मादीनं घुमणं बंद केलं होतं, आणि ती शांतता आवाजापेक्षा वाईट होती. आबा रोज जेवत आणि म्हणत, "अजून बसलाय. लई मोठा नेम हाय." मला घास गिळवत नसे.

दहाव्या आठवड्यात एका सकाळी मी जाळीपाशी मका निवडत होते. तो उठला, झोकांड्या खात सरळ माझ्याकडे आला आणि माझ्या ओंजळीतला मका खाऊ लागला. माझ्याच ओंजळीतला! मी हात मागे घेऊ शकले नाही. मागे आबा कधी येऊन उभे राहिले होते, कळलं नाही.

"गार अंडी कुठवर उबवंल त्यो," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू बुट्टी भरलीस तवा मी जागाच हुतो, पोरी. खिडकीतनं दिसत हुतं. उठाय गेलो, पाय उठंनात."

"मग नवरात्राचं... ते तुम्हाला पटलं नव्हतं?"

"ते कशाला पटतंय?"

"मग जेवलात कशापायी?"

आबांनी पक्ष्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याची हाडं हाताला लागत असावीत.

"तुझं भ्या वाटलं," ते म्हणाले. "मला जेवाय घालाय तू आनि काय काय करशील, म्हणून."

आता जाळीत घमेलं पुन्हा रोज रिकामं होतं. मी ताट वाढते आणि आबांच्या समोर बसून जेवते, उभ्यानं नाही. पण पहिला घास मोडण्याआधी ते एकदा मान वर करून माझ्याकडे बघतात, आणि मगच खातात.