तिचं घ्यायचं नाही

माझ्या बायकोएवढी कडक न्यायाधीश अख्ख्या माण तालुक्यात झाली नाही, आणि तिनं जन्मात कुणाला शिवी म्हणून दिली नाही. आमचं दोघांचं शेवटचं काम म्हणजे कांद्याची खुरपणी. दुपारी बाभळीखाली भाकरीची फडकी सोडली, तेव्हा मला म्हणाली, "आवं, दमानं खावा, कोण पळवून न्हेतंय?" तिन्हीसांजेला उंबऱ्यात टेकली ती उठलीच नाही.

आमच्याकडं बायकांची सावड असते. आज सगळ्या माझ्या रानात खुरपणार, उद्या तुझ्या. मजुरी नाही, लिहून ठेवणं नाही. मग एखादीनं आपलं काम करून घेऊन दुसरीच्या वेळी दांडी मारली तर? त्याला हिचा कायदा होता. जेवायला गोल बसलं की दांडीवालीला सगळ्यांनी कालवण वाढायचं, पण तिच्या फडक्यातलं कुणी काही घ्यायचं नाही. बुडवलेला दिवस ती भरून देईपर्यंत.

मी चौथी शिकलेला माणूस, मला याचं लय नवल वाटायचं. दंड नाही, पोलीस नाही, उलट पोटभर जेवण. तरी धडधाकट बाई रडकुंडीला यायची. एकदा सरपंचाच्या बायकोनं शिक्षा मोडायला कोंबडीचा रस्सा आणला. कोंबडी म्हणजे हिचा जीव. पण बहाद्दरीण वाऱ्याकडं पाठ करून कांदा चावत बसली. एकीनं गुपचूप तुकडा बुडवला, तर तिच्याही फडक्यातलं घेणं बंद! मी म्हणालो, "आगं, तुझीच कोंबडी गेली की!" तर म्हणते, "जाऊ द्या. माझं काय गेलंच न्हाई तर माझं कोण ऐकंल?" घरातही तेच. मी पाणी भरायचं टाळलं की मला ताट वाढायची, पण माझ्या हातचा चहा प्यायची नाही. त्या फुळकवणी चहापायी मी म्हातारा हंडे वाहायचो.

यंदा शेजारची सून आमच्या पाळीचा पहिला दिवस बुडवून, न सांगता माहेरी औंधच्या यात्रेला गेली. दुसऱ्या दिवशी आली ती शिक्षेतच. बाभळीखाली तिची चटणी तशीच राहिली, आणि त्याच सांजेला शिक्षा उठवणारीच गेली. मयताला बायका जमल्या, तेव्हा ही पोर भिंतीकडेला एकटी. "आता हिला कुणी सोडवायचं गं?" बायका कुजबुजत होत्या. कुणालाच ठाऊक नव्हतं.

रात्रीच सगळं उरकलं. सकाळी घरात चूल नाही. मागल्या दारी आलो, तर ती पोर आमच्या रानात एकटीच खुरपत होती. बघायला कोण नाही, धाकाला कोण नाही.

"कुणी सांगितलं गं?"

"कुणी न्हाई, तात्या. काकूंचा दिवस ऱ्हायला हुता."

सुतकात रानात जाऊ नये म्हणतात. मी बांधावर जाऊन बसलो. म्हणालो, "सोड भाकरी."

ती दचकली. "आजून दोन वाफं हायत की, तात्या."

मी एक वाफा धरला तर दिवस तिचा भरला म्हणायचा का? हे विचारायला बायको पाहिजे होती. म्हणून नुसताच बसून राहिलो. ऊन डोक्यावर आलं, तिचे वाफे संपले, मग तिनं फडकं सोडलं. तिला वाढायला माझ्याकडं काहीच नव्हतं. मी नुसतं तिचं घेतलं.