शेंदूर लावलेला ब्रेक

बायकोला सांगितलं न्हाई. ती अंथरुणाला खिळली, गेली, तरी न्हाई. तुमाला सांगायलोय, कारण आता हे जवळ ठेवून ठेवून लय थकलो, बाबा.

मी मिस्त्री. निजामाच्या अमलात वालूरच्या एका जिनिंगमधी होतो, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात. लोखंडाचं काहीबी काम निघालं की माझ्याकडंच यायचं, अन् त्याचा मला तोरा होता. एका साली शेटजींनी नवा बॉयलर मागवला. सेलूच्या ठेसनावर उतरणार, तिथून लारीच्या मागं ट्रेलर जोडून आणायचा. ट्रेलर मीच बांधला. प्रश्न उरला ब्रेकचा. एवढं धूड उतारावर मागून लोटायला लागलं, तर त्याला धरायचं कशानं?

लारीचा डायवर करीमभाई. त्यानं हैदराबादेत एक तऱ्हा पाहिली होती — ट्रेलर पुढं रेटायला लागला की जोडाजवळची दांडी दबते, अन् ब्रेक आपोआप लागतो. मागं माणूस लागत न्हाई. "मिस्त्री, वोइच बनाव," म्हणायचा. "आदमी कू पीछे नक्को बिठाव." बरोबर होतं त्याचं. पण मला ते बनवता येत नव्हतं. येत न्हाई असं म्हणायचं कसं, चारचौघांत? मी म्हणलं, आपोआपच्या कामाचा काय भरवसा, माणसाचा हात तो माणसाचा हात. अन् मला येत होता तो ब्रेक केला. मागं बैठक, बैठकीपुढं हातानं फिरवायचं चाक. ते फिरवलं की बाभळीचे दोन ठोकळे ट्रेलरच्या चाकांना आवळायचे. शेटजींना पटला.

बैठकीवर बसायला निवडला महालिंगआप्पा. कापसाच्या गाठी उचलणारा गडी. गळ्यात लिंग, तोंडात कधी वाकडा शब्द न्हाई. ट्रेलरमधी दगड भरून आमी ओढ्याच्या उतारावर नेऊन पाहिला. आप्पानं चाक फिरवलं अन् ट्रेलर जागच्या जागी उभा! मी करीमभाईकडं असं पाहिलं की विचारू नका.

मग आली खंडेनवमी. हत्यारं-यंत्रं पुजायचा दिवस. आमी सगळं धुतलं, पुसलं, झेंडूच्या माळा घातल्या. ट्रेलरचीबी पूजा केली. अन् मी — माझ्या हातचं काम ना ते — त्या बाभळीच्या ठोकळ्यांना करडईच्या तेलात कालवलेला शेंदूर चोपडला. भरभरून. चाकाला घासणाऱ्या अंगालाबी. मिस्त्री असून! ब्रेकला तेल लावत न्हाईत, हे काय मला कुणी शिकवायला पाहिजे होतं? मनात आलं होतं की. म्हणलं, देवाचं हाय, उद्या राखेनं घासून काढू. दुसऱ्या दिवशी दसरा. गावभर सोनं वाटत फिरलो, अन् ते राहिलं.

इथवर चूक म्हणा. चूक कुणाच्याबी हातून होते. पण पुढचं ऐका. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सेलूला बॉयलर चढला, साखळ्या आवळल्या, आप्पा बैठकीवर चढला — अन् माझी नजर त्या लाल ठोकळ्यांवर गेली. आठवलं मला. तवाच आठवलं. फकस्त तोंड उघडायचं होतं — थांबा, घंटाभर लागंल. ठेसनावरची सगळी माणसं बघायला जमलेली, अन् करीमभाई बिडी ओढत माझ्याकडंच बघायलेला. त्याच्यापुढं म्हणू, की माझा ब्रेक मीच बिघडवला? मी लारीत चढलो अन् म्हणलं, "चला, हाणा."

ओढ्याचा उतार लागला. मागून पहिला धक्का बसला तवाच मला कळलं. आप्पा जिवाच्या आकांतानं चाक फिरवायला, अन् ठोकळे नुसते घसरायले. त्याला उडी टाकता आली असती. त्यानं टाकली न्हाई. लारी आडवी झाली, ट्रेलर कलंडला, अन् आप्पाचा उजवा पाय खाली सापडला.

करीमभाई आप्पाकडं धावला. मी कुठं धावलो? ठोकळ्यांकडं. मूठमूठ माती घेऊन, धोतराच्या सोग्यानं ते ठोकळे घासले — शेंदूर जाईस्तोवर घासले. तिकडं आप्पा "शिवा, शिवा" म्हणत कण्हायला, अन् मी इकडं घासतच होतो.

दुपारी शेटजी आले. मी म्हणलं, "ब्रेक चांगला हाय. आप्पानं चाक उशिरा फिरवलं असंल." एवढंच. पुढं कुणी काही विचारलं न्हाई. पाय गुडघ्यापासून कापावा लागला. आप्पाला कामावरून काढलं, अन् तो महादेवाच्या देवळापुढं बेलाची पानं विकायला बसला. माझ्या हातची बिडी करीमभाईनं पुन्हा कधी घेतली न्हाई.

दर दसऱ्याला आप्पा कुबडी टेकत माझ्या दारी यायचा. निजामाचं राज्य गेलं, तरी यायचा. "शरणार्थ, मिस्त्री," म्हणून आपट्याची पानं हातात द्यायचा, अन् दरसाली तेच म्हणायचा, "माझ्यापायी तुमचा ब्रेक बदनाम झाला." मी खोटं बोललो एकदा, त्यानं ते खरं मानून जन्मभर वागवलं.

शेवटच्या दसऱ्याला तो लय खंगला होता. उंबऱ्यावर टेकला, दम खाल्ला, अन् म्हणाला, "मिस्त्री, एक विचारू? मी जरा आधी फिरवलं असतं, तर थांबला असता का हो?"

घरात कुणी नव्हतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. शेटजी मरून गेलेले, करीमभाई कधीचा गाव सोडून गेलेला. कुणापुढं लाजायचं राहिलं नव्हतं.

मी म्हणलं, "थांबला असता, आप्पा."

त्यानं मान हलवली, कुबडी उचलली. पुढच्या महिन्यात तो गेला. तेवढं ऐकून गेला.