एका मशीनपुरती परवानगी

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला. लखनऊच्या एका संशोधन संस्थेनं मला नोकरी दिली, आणि ऐंशीच्या दशकात आलेल्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. ते उपकार मी विसरलेलो नाही.

माझ्या मुलीचे स्नायू लहानपणापासून दुबळे होत चालले होते. तिचं बोलणं आम्हा नवराबायकोशिवाय कुणाला समजत नसे. तिच्यासाठी मी एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावर अक्षरं मांडलेली, त्यांवरून एक चौकोन आपोआप सरकायचा. हव्या अक्षरावर आला की तिनं बटण दाबायचं. साहेबांच्या परवानगीनं एका रविवारी तिला संस्थेत नेलं. तिचं पहिलं वाक्य होतं, ‘माँ की सब्जी में नमक नहीं होता.’

साहेब पोट धरून हसले. “बिटिया, घर जाकर पिटोगी!”

पुढं छावणीतल्या तिच्या शाळेला कुणीतरी कॉम्प्युटर देणगी दिला. आता ती वर्गातल्या मुलींशी बोलणार, या आनंदात मी साहेबांकडं धावलो.

“प्रोग्राम तुम्हारा है, शौक़ से ले जाओ,” ते म्हणाले. “मगर चलेगा किस पर?”

माझा प्रोग्राम ज्या परदेशी सॉफ्टवेअरवर चालायचा, त्याचं लायसन्स एकाच मशीनपुरतं होतं. कंपनीची मूळ फ्लॉपी आत असल्याशिवाय ते सुरूच होत नसे, आणि नक्कल चालत नसे. ती फ्लॉपी बाहेर नेणार नाही, अशा कागदावर साहेबांची सही होती. शाळेला वेगळं लायसन्स हवं, तेही डॉलरमध्ये. डॉलरला सरकारची मंजुरी लागायची. साहेबांनी स्वतः अर्ज केला, दिल्लीला खेपा घातल्या. दोष कुणाला देऊ?

संध्याकाळी अलीगंजच्या घरी स्कूटर लावली की ती विचारायची, “बाबा, आज भी नहीं आया?”

“येईल गं, राणी.”

आलं तेव्हा ती दोन इयत्ता पुढं गेली होती. शाळेतलं मशीन सुरू केलं. तिच्या बाकावरची मैत्रीण खुर्ची ओढून बसली. “बोल ना, क्या बोलेगी?”

चौकोन सरकू लागला. हवं ते अक्षर आलं की मुलीचे डोळे चमकत, बोट मात्र हलत नसे. मी वेग कमी केला. आणखी कमी केला. तरी चौकोन पुढं निघून जायचा.

“बाबा, बंद कर दो.”

“मला सांग, मी लिहितो.”

तिनं नकारार्थी मान हलवली. जे सांगायचं होतं ते मैत्रिणीला होतं; बापाच्या हातून जाण्यासारखं नव्हतं. मी मशीन बंद केलं. मैत्रीण मात्र तशीच वाट बघत बसून राहिली.