दादाच्या कुंडात किती मावतं

कुंडात मावलं नाही तर ते जातं कुठे?

हा प्रश्न माझा ऑफिसात सगळ्यांना विचारून झालाय. कारखान्यात तेलाच्या, तेजाबाच्या मोठमोठ्या टाक्या असतात. एखादी फुटली तर माल शेतात-नाल्यात जाऊ नये म्हणून टाक्यांभोवती सिमेंटची भिंत घालून कुंड करतात. त्या कुंडात किती मावेल, हे आमचं देवासचं ऑफिस कॉम्प्युटरवर काढून देतं. मी विचारायचो, "आणि नाही मावलं तर?" आमचे बॉस मोघे साहेब म्हणायचे, "पप्या, गाडी काढ." मोजणीचा इंजिनियर ललित भिया, म्हणजे ललितभैया, म्हणायचा, "पप्या, चाय बोल दे." दादा नुसता हसायचा.

दादा म्हणजे सुधीर, माझा थोरला भाऊ. ऑफिसातला डिझाईनवाला. मी नववीत शाळेला रामराम ठोकला, तेव्हा त्यानेच मला इथे चिकटवलं. मी जीप चालवतो आणि मोजणीच्या वेळी आरशाची काठी धरून उभा राहतो; काठी जिथे टेकेल तिथली उंची लांबचं यंत्र टिपतं. दादा गेल्या पावसाळ्यात तापाने गेला. बत्तीस वर्षांचा होता.

लोक भेटायला येतात, डोळे पुसतात, आणि चहा यायच्या आत म्हणतात, "एकदा काय झालं, तुझ्या दादाने..." आमच्या घरी आता बसायला जागा नाही, इतके किस्से झालेत!

त्याचं शेवटचं कुंड धारजवळच्या एका कारखान्यात. बांधून तयार होतं. पण कारखान्याचे सक्सेना साहेब अडून बसले. "जिसने हिसाब किया वो तो रहा नहीं. कल को जवाब कौन देगा?" शेवटी ठरलं की कुंड पाण्याने भरून बघायचं. दादाने सांगितलं तेवढं पाणी मावलं तर नकाशावर नाव दादाचं. नाही मावलं तर हिशोब नवा, आणि नावही नव्या माणसाचं.

तेव्हापासून आई रोज दिवा लावला की विचारायची, "भरलं का रे ते?"

*

ललित भिया निसरपूरचा. धरणाने नर्मदेचं पाणी चढलं तेव्हा त्यांचं जुनं घर बुडालं, मग तो देवासला आला आणि इथलाच जावई झाला.

कॉम्प्युटरवर जमिनीचा आकार चढवला की पाण्याची पातळी सांगायची, मग तो निळा रंग भरून किती मावलं ते दाखवतो. पण आधी कुंडाची हद्द आखून द्यावी लागते. देवासजवळच्याच एका कुंडाची हद्द दादा एकदा आखायला विसरला. बटण दाबलं आणि निळा रंग निघाला तो निघालाच! कुंड भरलं, शेत भरलं, रस्ता भरला, पडद्याच्या कडेपर्यंत सगळं निळं. आकडा एवढा लांब की खिडकीत मावेना.

ललित भिया मागे उभा राहून शांतपणे बघत होता. म्हणाला, "सुधीर भिया, मेरा गाँव तो पहले ही डूब गया. अब ससुराल तो छोड़ दो!"

*

आता तिरल्याकडचा किस्सा. एका शेताकडेला कुंडाची मोजणी होती. उंच-सखल मोजायला एक पक्की खूण लागते. तिथून सगळ्या उंच्या धरायच्या. दादाने एक चांगला रोवलेला दगड बघितला, त्यावर लाल ऑइलपेंटने गोल ठिपका मारला आणि आम्ही परत आलो.

पुढच्या खेपेला गेलो. मी काठी दगडावर ठेवली. दादाने आकडे बघितले आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "पप्या, सगळी जमीन वीतभर खाली गेलीये!"

मी म्हटलं, "भूकंप झाला असेल."

"मग पेपरात आलं असतं."

मग मी पायाशी बघितलं. आमच्या दगडाला शेंदूर फासलेला, वर चांदीचा वर्ख, समोर अगरबत्ती. आणि खाली नवाकोरा सिमेंटचा ओटा! गावाने लाल ठिपका बघितला, भेरूजी, म्हणजे आपला भैरोबा, प्रकट झाले म्हणाले, आणि देव मातीत कसा बसवायचा म्हणून उचलून वीतभर उंच बसवला. जमीन जिथल्या तिथे होती. देवच वर गेला होता.

दादाने बूट काढून हात जोडले. शेजारच्या शेतातल्या म्हातारीला विचारलं, "माँ साब, हमको दूसरी निशानी चाहिए. ये कुएँ की मुंडेर पक्की है?"

म्हातारी म्हणाली, "पक्की है. पर बेटा, उसपे लाल रंग मत लगाना. ओटले का सीमेंट खतम हो गया!"

*

माझाही एक आहे. पीथमपूरकडे मोजणी चालली होती. मी काठी घेऊन ठिकठिकाणी उभा राहायचो, लांबून ललित भिया यंत्राचं बटण दाबायचा. एवढ्यात एक सांड माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं. इथे माझं चुकलं.

मी जो पळालो तो थेट कडुलिंबाच्या झाडावर! काठी हातातच. ललित भियाला सवय अशी की आरसा थांबला की बटण दाबायचं. त्याने दाबलं.

संध्याकाळी ऑफिसात दादाने कॉम्प्युटरवर ती जमीन उघडली. सपाट मैदान, आणि मधोमध एक सुळका. दादा सुळक्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो, माझ्या फाटलेल्या पँटकडे बघतो.

"पप्या, सांड काळा होता का पांढरा?"

"पांढरा."

"मग ठीक आहे. मी समजलो, तू कामात टंगळमंगळ केलीस."

तो सुळका काढून टाकायला पाहिजे होता. दादाने काढला, पण आधी मोठ्या कागदावर त्याची छापील प्रत काढून भिंतीवर लावली. खाली लिहिलं, 'पप्या पर्वत'. अजून आहे. नवीन गिऱ्हाईक विचारतं, "ये कौन-सी साइट है?" मोघे साहेब म्हणतात, "हमारा ड्राइवर है."

*

मामेबहिणीच्या साखरपुड्याला बासुंदी घरीच करायची ठरली. आईकडे एक जुनं मोठं पातेलं, त्यात सगळं दूध मावेल का, यावर वाद सुरू झाला. दादाने फूटपट्टी आणली, पातेल्याची रुंदी घेतली, खोली घेतली, काठाची गोलाई घेतली, आणि ऑफिसात जाऊन चक्क पातेल्याचं डिझाईन केलं! कागद घेऊन घरी आला. "आई, मावतं. वर दोन बोटं जागा राहते."

आईने चष्मा लावून कागद बघितला. "छान आहे. आणि हे तापलं की काय करतं ते काढलंयस का?"

दादाने कागद उलटा करून बघितला.

"इंजिनियर झाला," आई मला म्हणाली, "पण दूध उतू जातं ते याला शिकवलं नाही कुणी."

दुसऱ्या दिवशी दादाने ऑफिसात सांगितलं. तेव्हापासून भिंत पाण्याच्या पातळीपेक्षा जी थोडी उंच ठेवतात, तिला आमच्याकडे सगळे 'काकूंची दोन बोटं' म्हणतात. सक्सेना साहेबांच्या मीटिंगमध्ये मोघे साहेबांच्या तोंडून एकदा तेच निघून गेलं. सक्सेना साहेबांनी विचारलं, "ये काकू कौन-सा सॉफ्टवेयर है?"

*

आता चाचणीचा दिवस.

आग विझवायच्या लाइनीतून पाणी सोडलं होतं, मीटर लावून. कालपासून भरत होतं. आतल्या भिंतीवर दादाच्या नकाशाप्रमाणे निळी रेघ मारलेली. मीटरवर दादाचा आकडा येईल तेव्हा पाणी रेघेपाशी पाहिजे, वर नको. मोघे साहेब मीटरपाशी, सक्सेना साहेब रेघेपाशी. ललित भिया मध्येच नर्मदेला नवस बोलत होता. मी म्हटलं, "भिया, तिला नको बोलावू, ती आली की थांबत नाही."

मोघे साहेब ओरडले, "बस! बंद करा!"

पाणी हलत होतं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. हळूहळू ते शांत झालं आणि निळ्या रेघेला टेकून उभं राहिलं. वर नाही, खाली नाही.

सक्सेना साहेबांनी भिंतीभोवती चक्कर मारली. परत आले. "हाँ भई. ठीक है. नाम रहने दो." मग घड्याळ बघितलं. "चलो, अब खाली करो."

मी म्हटलं, "साहेब, एक मिनिट," आणि जीप काढली.

इंदूर ओलांडल्यावर मोघे साहेबांचा फोन. "पप्या, कुठे आहेस?"

"साहेब, डिझेल भरतोय."

"कुठे?"

"देवासला."

आईला घेऊन पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. मला वाटलं, शिव्या बसणार. पण सगळे थांबले होते, सक्सेना साहेबसुद्धा. आई शिडीवरून भिंतीवर चढली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"एवढंच?" आई म्हणाली. "मला वाटलं, तलाव असेल."

मग पिशवीतून हळद-कुंकू काढलं. नव्या पाण्याची पूजा केल्याशिवाय आई राहते का! हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि कुणी काही बोलायच्या आत नारळ पाण्यात सोडला.

ललित भिया हळूच म्हणाला, "काकू, अब नारियल का वॉल्यूम घटाना पड़ेगा."

सगळे हसले. सक्सेना साहेब हसले आणि एकदम थांबले. "अरे, इसको निकालो! पाइप में फँस गया तो पानी नहीं निकलेगा!"

बांबू आणला. ललित भियाने नारळ ओढायला घेतला, तो पुढे गेला. मोघे साहेब म्हणाले, डावीकडून. नारळ उजवीकडे गेला. दोन इंजिनियर, एक साहेब, चार मजूर, आणि नारळ टाक्यांच्या मधोमध मजेत गोल फिरतोय! सक्सेना साहेब म्हणाले, "उधर से लहर बनाओ." मोघे साहेब कागदावर काहीतरी काढायला लागले.

मी तसाच कपड्यांनिशी उडी मारली.

पाणी छातीपर्यंत होतं, गार. ललित भिया ओरडत होता, "पागल है क्या भिया!" मी नारळ धरला आणि वळलो, तेवढ्यात आई भिंतीवरून म्हणाली, "थांब रे. लगेच नको येऊस. घटकाभर उभा राहा तिथे."

मी उभा राहिलो. पाणी शांत होईपर्यंत उभा राहिलो.

मग बाहेर आलो, नारळ आईच्या हातात दिला. मोघे साहेब पाणी सोडायच्या व्हॉल्व्हच्या चाकाला हात लावून उभे होते. माझ्याकडे बघून बाजूला झाले.

मी चाक फिरवलं.