पहिल्याच पानावर होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या सविताला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल, तर 'सर' म्हणून ओळखता — आणि सगळं तिथूनच सुरू झालं.

मी जालन्यात ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो. माझा मोठा भाऊ अण्णा आमच्या गावी, धावड्याला, मिरची लावायचा. चारचौघांत तो मला कधी नावानं हाक मारत नसे. कुणाच्या पोराची ॲडमिशन असो नाहीतर कुणाची शुगरची गोळी — "आमच्या सरांला इचारा." मला ते आवडायचं. किती आवडायचं, ते मला फार उशिरा कळलं.

साठीनंतर अण्णाला लघवीचा त्रास सुरू झाला. रक्तात पीएसए वाढलेलं निघालं — ते वाढलं की प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका घेतात — म्हणून डॉक्टरांनी सुईनं प्रोस्टेटचे बारा तुकडे काढून तपासले. एकातही कॅन्सर दिसला नाही. अण्णाला त्यात ताप भरला, दोन दिवस रक्त गेलं, पण सुटला एकदाचा म्हणून आम्ही सगळे खुश होतो. एक सविता सोडून.

सविता अण्णाची मुलगी, जालन्यातच एका दवाखान्यात नर्स. तिनं कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं — सुई टोचली तिथं कॅन्सर नसला, पण जवळपास असला, तर त्याची खूण शेजारच्या पेशींच्या डीएनएवर सापडू शकते. मिथायलेशन. डीएनएची अक्षरं तीच राहतात, पण पेशीला आवर घालणाऱ्या काही जीन्सवर रासायनिक खुणा बसतात आणि ती जीन्स गप्प होतात. अण्णाला पुन्हा न टोचता, तेच जुने तुकडे पाठवून हे बघता येतं, असं ती म्हणाली. डॉक्टरांनाही पटलं.

मला पटलं नाही. खरं सांगू? मला आधी विचारलं नाही, हे पटलं नाही. जो शब्द मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो, तो कालची पोरगी मला समजावत होती — अण्णासमोर, वहिनीसमोर. मी म्हणालो, "चार गोष्टी ऐकून डॉक्टर होता येत नाही, सविता." अण्णाच म्हणाला, करून टाकू, पोरीच्या जिवाला बरं वाटंल.

फॉर्म मी भरला, म्हणून ईमेल माझा होता; रिपोर्ट तिथंच यायचा आणि डॉक्टरांना मी दाखवायचा.

रिपोर्ट आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये डबा खात होतो. तीन पानं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की तीनपैकी दोन जीन्सवर खुणा सापडल्या आहेत, नजरेतून सुटलेला कॅन्सर असण्याची शक्यता मोठी आहे, पुन्हा तुकडे घेऊन तपासणी करावी.

तेव्हा मला काय वाटलं असेल? भावाची काळजी? ती वाटली — नंतर. आधी वाटलं, सविता बरोबर निघाली.

तेवढ्यात अण्णाचाच फोन आला. काय निघालं, त्यानं विचारलं.

"काही न्हाई," मी म्हणालो. "मी म्हणलंच होतं."

"मंग बरं झालं. मिरचीला पाणी देऊन राह्यलो, ठेवतो."

आठवड्याभरात काहीतरी निमित्त काढून पुन्हा तपासायला नेऊ, असं मी ठरवलं होतं. निमित्त काय, शंभर सापडली असती. पण रविवारी सविता घरी आली आणि म्हणाली, "काका, मी उगाच सगळ्यांला घाबरवलं. माफ करा." मी तिला माफ केलं — ऐकताय ना? मी, तिला. त्यानंतर ते निमित्त मी कधी शोधलंच नाही.

दीड वर्षानं अण्णाची कंबर दुखायला लागली. कॅन्सर हाडांत गेला होता. मधे ती दुसरी टेस्ट केली होती ना, डॉक्टरांनी विचारलं. रिपोर्ट क्लिअर होता, मी सांगितलं. शेजारी उभ्या सवितानंही मान हलवली. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

पुढं अण्णा वर्षभर होता. मी दर रविवारी धावड्याला जायचो. एकदा ओट्यावर उन्हात बसलेला असताना म्हणाला, "सर, तू समदं केलं माझ्यासाठी." आम्ही दोघंच होतो. मी त्याच्या पायांवरची गोधडी सारखी करत राहिलो.

वेळेवर कळलं असतं तर जगला असता का? माहीत नाही. त्या 'माहीत नाही'आड मी पुष्कळ दिवस काढले.

याहून वाईट पुढं आहे. मागच्या वर्षी धावड्याचे किसनराव सविताकडं आले. पीएसए वाढलेलं, तुकडे साफ — सगळं अण्णासारखंच. ती टेस्ट करू का, त्यांनी विचारलं. सविता म्हणाली, "नका करू. तिचा भरवसा न्हाई. आमच्या बाबांची चुकली."

मी तिथंच चहा पीत होतो.

किसनराव उठले तसा मी त्यांच्यामागं फाटकापर्यंत गेलो आणि हळूच म्हणालो, टेस्ट करून घ्या. ते बुचकळ्यात पडले. "पण सर, तुमच्या भावाची तर चुकली न्हवं?" तुमची चुकायची नाही, मी म्हणालो; आणि सविताला सांगू नका. तेव्हासुद्धा एवढंच बोललो.

त्यांच्या तुकड्यांवर खुणा सापडल्या. पुन्हा तपासल्यावर कॅन्सरही सापडला, लहान होता, ऑपरेशन झालं. आता रानात जातात. सरांनी वाचवलं, असं गावभर सांगत फिरतात. ते सवितापर्यंत पोचायचंच होतं. परवा ती आली, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, आणि जाताना दारात थांबून म्हणाली, "मंग बाबांचीच कशी चुकली, काका?"

मी म्हणालो, मशीनचं होतं असं कधीकधी.

तिला ते पटलं. ती गेली.

चुकली नव्हती, सविता. पहिल्याच पानावर होतं. मी वाचलं होतं, आणि मला समजलं होतं.