सहा भोकं आणि मारोतराव उस्ताद

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. सांगायची वेळ आली की विषय बदलायचो. हिंगोलीला आयुष्यभर वकिली केलेल्या माणसाला विषय बदलणं अवघड नसतं. आता वय सत्तरीच्या पुढे गेलं आहे, आणि ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ते मारोतराव गेल्यालाही वर्ष होत आलं. त्यांच्या नावापुढे लोक एक चूक चिकटवतात. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती.

मारोतराव राज्य राखीव पोलिसातून निवृत्त झालेले. तिथं त्यांनी आयुष्यभर हत्यारं सांभाळली आणि नव्या जवानांना ती चालवायला शिकवली, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणत. बुटका, काटक माणूस. पांढऱ्या मिशा कात्रीनं सरळ कापलेल्या. रिव्हॉल्व्हर हातात आलं की आधी ते उघडायचे, सहा भोकांच्या चकरीवरून करंगळी फिरवायचे आणि मोठ्यानं मोजायचे, "एक खाली, दोन खाली, तीन खाली..." सहा झाल्याशिवाय कुणाशी बोलायचे नाहीत. कलेक्टर जरी पुढे उभा राहिला असता तरी सहा होईपर्यंत त्याला थांबावं लागलं असतं.

माझ्याकडे वडिलांच्या वेळचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर होतं. जमिनीच्या एका दाव्यात मला धमक्या आल्या तेव्हा परवाना माझ्या नावावर झाला. पुढे परवान्याच्या कामासाठी प्रशिक्षणाचा दाखला लागेल असं कळलं, आणि मी मारोतरावांच्या वर्गात दाखल झालो. औंढ्याच्या रस्त्याला एक जुनी मुरमाची खाण होती. तिच्या तीन बाजूंना उंच भिंती, चौथ्या बाजूला पत्र्याचं शेड. आमच्या छोट्या क्लबनं तीच गोळीबाराची जागा म्हणून रीतसर मंजूर करून घेतली होती. दर रविवारी सकाळी वर्ग. विषय होता, घरात किंवा वाटेत जिवावर बेतलं तर छोटं हत्यार कसं वापरायचं.

आम्ही सातआठ जण होतो. जवळा बाजारचे सोन्याचांदीचे व्यापारी संतोषशेठ होते आणि औंढ्यात दवाखाना असलेल्या एक डॉक्टरीणबाई. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "उस्ताद, चोर घरात शिरला तर पहिली गोळी कुठं मारायची?"

"पयलं दार लावायचं, म्याडम."

"दार नाही लागलं तर?"

"मंग बोंबलायचं. चांगलं गावाला ऐकू जाईल असं."

सगळे हसले. बाई चिडल्या. "मग हे पिस्तूल कशाला घेतलंय मी?"

"ते सगळ्यात शेवटी. अन् तवा तुमाला माझं कायबी आठवणार न्हाई. डोकं बंद पडतंय, फकत हाताला आठवतंय. म्हणून आपण हाताला शिकवून राहिलो."

पहिले दोन रविवार त्यांनी आम्हाला एकही गोळी उडवू दिली नाही. उभं कसं राहायचं, मागं कसं सरायचं, बोट चापाच्या बाहेर कसं ठेवायचं, एवढंच. संतोषशेठ कुरकुरले, "उस्ताद, आमी काय कवायतीला आलो का?" मारोतराव म्हणाले, "शेठजी, तुमी सोनं घासून बघितल्याबिगर घेता का? मंग मी माणूस घासून बघू नको का?"

त्यांचा सगळ्यात कडक नियम जोडीदाराचा होता. आपलं हत्यार आपण उघडायचं, पण ते रिकामं आहे हे आपण सांगायचं नाही. शेजाऱ्यानं त्यात बघायचं, बोट फिरवून मोजायचं आणि त्यानं ओरडायचं, "खाली!" का, असं मी विचारलं. वकिलाची खोड. ते म्हणाले, "वकीलसाब, आपलं हत्यार आपल्याला कायम खालीच दिसतंय. दुसऱ्याचा डोळा लागतो." मी हसून मान हलवली होती.

तिसरा रविवार दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी आला. आमच्या घरी खंडेनवमीला शस्त्राची पूजा होते, आणि रिकामं शस्त्र पुजायचं नाही ही वडिलांनी घालून दिलेली रीत. एका काडतुसाला कुंकू लावायचं, ते चकरीत घालायचं, वर हळद, अक्षता, झेंडूची पाकळी. दसरा झाला की वडील ते काडतूस काढून, हत्यार पुसून पेटीत ठेवत. त्या वर्षी आपटा वाटायला आलेल्या लोकांच्या गर्दीत मी ते विसरलो. रविवारी सकाळी देव्हाऱ्यापुढून रिव्हॉल्व्हर उचललं, वरवर फडकं फिरवलं, पिशवीत टाकलं आणि निघालो.

खाणीत पोचल्यावर मारोतरावांनी हुकूम दिला, "जाँच शस्त्र!" तेवढ्यात डॉक्टरीणबाईंच्या पिस्तुलाचं मॅगझिन अडकलं. ते त्यांच्याकडे गेले आणि जाता जाता म्हणाले, "जोडीनं तपासा, मी आलोच." माझा जोडीदार संतोषशेठ. मी रिव्हॉल्व्हर उघडायला हात घातला तर सांध्यात हळदीचा लगदा दिसला. मनात आलं, आता हे सगळ्यांसमोर उघडायचं, अक्षता सांडायच्या, आणि उस्ताद म्हणणार की वकीलसाब, हत्यार पुसायला वेळ न्हाई गावला? मला लाज वाटली. मी हात तसाच ठेवला, ते उघडलं नाही. शेठनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या दुकानाच्या जागेचा खटला माझ्याकडे होता. ते म्हणाले, "आता तुमचं काय बघायचं साहेब," आणि हात वर करून ओरडले, "खाली!"

रांगेतल्या सगळ्यांचा "खाली" ऐकून मारोतराव पुढे गेले; भिंतीशी लावलेला निशाण्याचा कागद वाऱ्यानं उलटला होता, तो त्यांना सरळ करायचा होता. "हुकमाबिगर कुणी चाप वढू नका," असं पाठमोरं सांगून गेले. मला मात्र सराव दाखवायचा होता. रिकामंच आहे असं धरून मी हत्यार उचललं, भिंतीकडे रोखलं आणि चाप ओढला. टक. पुन्हा ओढला. टक. तिसऱ्यांदा खाण हादरली.

मारोतरावांपासून हातभर अंतरावर भिंतीतून मुरूम उडाला आणि त्यांच्या शर्टावर पडला. ते सावकाश वळले. आवाज चढला नाही. "वकीलसाब, बोट बाहेर. आता टेबलावर ठेवा. बराबर. मागं सरा." मग रांगेकडे बघून म्हणाले, "कुणाला लागलं का? कुणाला तकलीफ?" कुणालाच काही झालं नव्हतं. त्या क्षणी मला जी सुटका वाटली तशी पुढे कधी वाटली नाही. माणूस जिवंत होता. समोर उभा राहून अंगावरचा मुरूम झटकत होता.

मग त्यांनी माझं रिव्हॉल्व्हर उघडलं. रिकामं काडतूस बाहेर आलं. त्याच्या बुडाला कुंकू होतं. त्यांनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अंगठ्यानं कुंकू पुसलं आणि काडतूस टेबलावर ठेवलं.

गोष्ट बाजारात गेली, तिथून पोलिसात गेली. पंचनामा झाला, जबाब झाले. माझा परवाना जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि त्याबरोबर जिल्ह्यातलं माझं नाव. मी आयुष्यभर लोकांचे जबाब लिहून दिले होते. माझा जबाबही मीच लिहिला: सरावापूर्वी प्रशिक्षकांनी स्वतः शस्त्र तपासून ते रिकामं असल्याची खात्री केली होती. शेठनी आपल्या जबाबात त्याला दुजोरा दिला, कारण "खाली" ते ओरडले होते. मारोतरावांचा जबाब दोन ओळींचा होता. वर्ग माझा होता. जिम्मेदारी माझी.

वर्ग बंद झाला. शिकवायची त्यांची परवानगी गेली. माझा परवाना राहिला. त्या आठवड्यात मी दोन्ही वेळा पोटभर जेवलो, हेही इथं लिहून ठेवतो.

मारोतराव सिद्धेश्वर धरणाजवळच्या आपल्या गावी शेती करू लागले. दोन वर्षं मी तिकडे जायचं टाळलं. मग एकदा फाल्गुनात गेलो. मनाशी शब्द जुळवून गेलो होतो. शेतात हळद शिजत होती, मोठ्या कढईतून वाफ निघत होती. ते ताडपत्रीवर शिजलेली हळद पसरत होते. मला बघून पिवळे हात जोडले.

"या, या वकीलसाब. आज वाट कशी चुकली?" मग घराकडे तोंड करून ओरडले, "अगं, च्या टाक! हिंगोलीचे साहेब आले."

आम्ही बाजेवर बसलो. मी विचारलं, "उस्ताद, त्या दिवशी तुम्ही काडतुसाचं कुंकू का पुसलंत?"

"काहून म्हंजी? देवाचं कुंकू पंचनाम्यात कशाला?"

जुळवून आणलेले शब्द मी काढण्याआधी तेच बोलले. "साहेब, एक इचारू का? तुमी जबाबात लिवलं की उस्तादानं बघितलं. मला वाचून दाखवला त्यांनी. मला तर काय आठवत न्हाई तुमचं हत्यार बघितल्याचं. म्याडमच्या पिस्तुलाचं आठवतंय, कागद उलटला ते आठवतंय. पन वकील माणूस लिवतो म्हंजी मी बघितलंच असंल. सहा भोकं मोजली असतील अन् एक भरलेलं दिसलं नसंल." ते हाताकडे बघत होते. "डोळे दाखवले मी दवाखान्यात. डॉक्टर म्हणला, नजर चांगली हाय. मंग काय, मन आंधळं झालं असंल. तवापासून म्या हत्याराला हात न्हाई लावला. पोलिसातले जुने पोरं येतात, म्हणतात, उस्ताद, बघा जरा. मी न्हाई म्हणतो."

मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "खरं सांगा, बघितलं व्हतं का मी?"

एका शब्दाचं उत्तर होतं. मी म्हणालो, "आता जुनं झालं उस्ताद, सोडा." त्यांनी मान हलवली. "व्हय, जुनं झालं." तेवढ्यात चहा आला. निघताना त्यांनी पिशवीभर हळकुंडं दिली. पत्नीनं ती दळून आणली. वर्षभर घरात त्या हळदीचं जेवण झालं आणि वर्षभर मी तिची चव घेतली नाही, नुसतं गिळलं.

त्यानंतर दोनदा त्या रस्त्याला गेलो आणि फाट्यावरून परत फिरलो. मग एक दिवस संतोषशेठचा फोन आला की उस्ताद गेले. दशक्रियेला मी गेलो. पूर्णेच्या काठी लोक जमले होते. एक जण म्हणाला, "माणूस सोन्यासारखा, पन त्या क्लासात हातून चूक झाली. म्हातारपणी नजर जाते." दुसरा म्हणाला, "व्हय ना, न्हाईतर एवढा बारकाईनं बघणारा माणूस." मी शेजारीच उभा होतो. तिथंही माझं तोंड उघडलं नाही. घरी येऊन मात्र मला बसवेना.

गेल्या महिन्यात मी रिव्हॉल्व्हर आणि परवाना दोन्ही जमा केले. सोबत अर्ज दिला आणि त्यात घडलं ते सगळं लिहिलं: हळद, कुंकू, शेठचा "खाली", आणि माझा खोटा जबाब. संतोषशेठना आधी सांगितलं. मला वाटलं ते भांडतील. ते म्हणाले, "माझंबी नाव घाला साहेब. 'खाली' तर मीच वरडलो व्हतो." कचेरीतल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. "आता याचा काय उपयोग, साहेब? फाईल कधीच बंद झाली. शिवाय तुम्हालाच त्रास होईल."

"होऊ द्या. शिक्का मारा," मी म्हणालो.

हत्यार टेबलावर ठेवण्याआधी मी ते उघडलं आणि कारकुनाला म्हणालो, "तुम्ही मोजा." तो हसला, पण त्यानं मोजलं. पायऱ्या उतरताना बऱ्याच वर्षांनी मला छातीभर श्वास घेता आला. घरी जेवताना आमटीला हळदीचा वास आला आणि मी मागून दुसऱ्यांदा घेतली.

तरी एक उत्तर द्यायचं राहिलं आहे. बाजेवर, पिवळे हात मांडीवर ठेवून तुम्ही ते मला विचारलं होतं, उस्ताद. नाही. तुम्ही बघितलं नव्हतं. मी ते उघडलंच नव्हतं, मग तुम्हाला दिसणार कसं? तुमची नजर शेवटपर्यंत साफ होती. मला माफ करा.