ओळीतली रिकामी जागा

निवृत्तीनंतर बहुतेक प्रकरणांचे तपशील पुसट होत गेले. एका ओळीत हवेत धरलेले दोन हात मात्र अजून जसेच्या तसे डोळ्यांसमोर येतात.

मी तेव्हा नाशिक शहरातील एका ठाण्याचा प्रभारी होतो. पेठ तालुक्याकडच्या डोंगरातून बांधकामाच्या कामावर आलेला एक मजूर सकाळीच ठाण्यात येऊन बसला होता. त्याची सोळा वर्षांची मुलगी आदल्या संध्याकाळपासून बेपत्ता होती. अल्पवयीन मूल हरवले की अपहरणाचा गुन्हा नोंदवावाच लागतो. त्याप्रमाणे अज्ञात इसमाविरुद्ध तो नोंदवला.

दुपारच्या आत खबर मिळाली. वस्तीच्या तोंडाशी टपरी चालवणाऱ्याने मुलीला संध्याकाळी एका तरुणाच्या मोटारसायकलवर पाहिले होते. हा तरुण वस्तीतल्या समाजमंदिरात मुलामुलींना विनामूल्य नाच शिकवत असे. मुले त्याला दादा म्हणत. अविवाहित तरुण, नाचाचा वर्ग आणि वस्तीतल्या मुली, एवढ्या भांडवलावर माझ्या मनात आरोप अर्धा सिद्ध झाला होता. मी त्याला चौकशीसाठी बोलावून घेतले.

तो शांतपणे उत्तरे देत होता. वर्ग सुटल्यावर लांब राहणाऱ्या मुलींना तो रोजच घराच्या कोपऱ्यापर्यंत सोडत असे. त्या दिवशीही सोडले होते, त्यापुढचे ठाऊक नाही. आमच्या हवालदारांना राहवले नाही. "काय रे, नाच शिकून पोरं काय दिवे लावणार? वरातीत नाचणार?"

"नाचतात तेवढा वेळ तुमच्याकडे येत नाहीत ना, काका," तो म्हणाला.

हवालदार हसले. मी हसलो नाही, आणि त्याला सोडलेही नाही. मुलीकडे फोन नव्हता, नातेवाइकांकडे ती पोहोचली नव्हती. मुलीचा बाप बाहेरच्या बाकावर बसून होता; तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, पोरीला त्यानेच नेलं.

संध्याकाळी मी समाजमंदिरात गेलो. मुलांशी बोलताना पोलिसाने गणवेशात असू नये असा नियम आहे. तो मी काटेकोरपणे पाळला. साधा शर्ट घातला, सोबतच्या महिला शिपाईही साध्या कपड्यांत होत्या. आमची सरकारी गाडी मात्र मी थेट दारासमोर उभी करायला लावली. त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही.

दादा ठाण्यात असूनही वर्ग चालू होता. जुन्यांपैकी एक वीसेक वर्षांची मुलगी तो घेत होती. या वर्गाची रीत अशी, की प्रत्येक नव्या मुलाशेजारी ओळीत एक जुने मूल उभे राहायचे. पावले शिकवणे, शाळा चुकली तर विचारणे, घरी काही बिघडले तर ऐकून घेणे, हे सगळे त्या जुन्याकडे. त्या दिवशी डोंगराकडचा नाच चालला होता. एकमेकांच्या कमरेत हात गुंफून ओळ गोल फिरत होती. पण मध्येच एका माणसाएवढी जागा मोकळी होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या मुली आपला एकेक हात हवेत तसाच वाकवून नाचत होत्या, जणू तिथे कोणाची तरी कंबर आहे. दोन पावले सरकून ओळ जुळवणे सहज शक्य होते.

मी दाराशी बसलेल्या एका लहान मुलीला कारण विचारले.

"ती जागा तिची हाय," ती म्हणाली. "यायची हाय ना ती."

"आणि कोणी कायमचं गेलं तर?"

"मंग जोडून घेतो. मागं एक जण घोटीला राह्यला गेला, त्याची घेतली जोडून."

याचा अर्थ, ती परत येणार हे मुलांना माहीत होते. आम्ही दिवसभर एका माणसाला प्रश्न विचारत होतो, आणि उत्तर इथे ओळीत उभे होते.

नाच थांबल्यावर मी वर्ग घेणाऱ्या मुलीला बाजूला बोलावले. महिला शिपायांनी तिला पाणी दिले. पेला खाली ठेवून तिने विचारले, "बापाकडे देणार का तिला?"

मी सांगितले, की कायद्याप्रमाणे मुलीला बालकल्याण समितीसमोर न्यावे लागते. तिथे तिचे म्हणणे ऐकले जाते.

"लग्न ठरवलंय साहेब तिचं. गावाकडं नेणार होते."

"दादाला माहीत आहे?"

"नाय सांगितलं. सांगितलं असतं तर तुम्ही त्यालाच धरलं असतं. तसंबी धरलंच. आधी त्याला सोडा, मंग सांगते."

मी तिथूनच ठाण्यात फोन केला. दादा स्वतः फोनवर आला, घरी निघालो म्हणाला, तेव्हा तिने पत्ता सांगितला. हरवलेल्या मुलीशेजारी पूर्वी ओळीत उभी राहणारी जुनी मुलगी आता सिन्नरच्या एका कारखान्यात कामाला होती आणि आईसोबत राहत होती. हरवलेली मुलगी तिथेच होती. आम्ही खासगी गाडीने गेलो. मुलगी भाकरी थापत होती. आम्हाला पाहून तिने हात धुतले आणि एवढेच विचारले, "दादाला मारलं का?"

समितीने तिचा जबाब घेतला. लग्न थांबले. बापाला मी दुष्ट म्हणणार नाही. "आम्ही दोघं दिवसभर कामावर," तो मला म्हणाला, "मोठी पोर कुणाच्या भरवशावर ठेवू?" त्याचा प्रश्न खरा होता. उत्तर त्याच्याच वस्तीत रोज संध्याकाळी नाचत होते. त्याने ते पाहिले नव्हते, आणि मी पाहिले ते संशयाने. काही आठवड्यांनी तो मुलीला घेऊन वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. मुलगी आपल्या जागेवर गेली. दोन हात खाली आले, ओळ पूर्ण झाली.

पण त्याच ओळीत दुसरीकडे एक जागा मोकळी पडली होती. दारासमोर पोलिसांची गाडी पाहून एका आईने आपल्या मुलीला वर्गातून काढले होते. गणवेश उतरवला म्हणजे पोलीस उतरला, असे मी समजलो होतो.

मूल हरवले, की शेवटचे कोणी पाहिले हे आम्ही आधी विचारतो. त्याची वाट कोण पाहत आहे, हेही तितक्याच लवकर विचारले पाहिजे, एवढे मी त्या प्रकरणात शिकलो, उशिरा शिकलो.

आता शनिवारी मी त्या वर्गाला जातो, मोठ्या मुलांना पोलीस भरतीच्या परीक्षेचे शिकवतो. त्या आईच्या घरी दोनदा जाऊन आलो, चालत. तिने चहा दिला. मुलीला पाठवले नाही. मागच्या शनिवारी ती दाराशी बसणारी मुलगी, जी आता ओळीत नाचते, माझ्याजवळ आली.

"साहेब, तिची जागा जोडून घेऊ का?"

"राहू दे," मी म्हणालो. "मी उद्या पुन्हा जातोय."